बॉम्ब आणि बुडबुडे : जॉन फॉन नॉयमन
(द्वितीय वर्ष, बी. ए.)

अर्थशास्त्राच्या पुस्तकात ‘खेळ सिद्धांत’ नावाचे एक प्रकरण असते. दोन दुकानदार एकमेकांचा अंदाज घेऊन आपापले भाव कसे ठरवतात, असे त्यात असते, आणि सिद्धांताचे जनक म्हणून नॉयमन आणि मॉर्गेनस्टर्न ही दोन नावे दिलेली असतात. परीक्षेपुरती ती पाठ करून पुढे जायचे अशी आम्हा विद्यार्थ्यांची रीत. पण यातील पहिल्या नावाचा मी थोडा माग काढला आणि चकित झाले. हाच माणूस संगणकाच्या इतिहासात भेटतो, अणुबॉम्बच्या इतिहासात भेटतो, हवामानाच्या अंदाजात भेटतो, आणि ज्याची मला मुळीच अपेक्षा नव्हती अशा धातुशास्त्रातही भेटतो. या लेखात त्यांचे चरित्र सांगायचे आहे, पण माझा ओढा त्या शेवटच्या, सर्वांत कमी बोलल्या जाणाऱ्या गोष्टीकडे अधिक आहे.

ती गोष्ट कळण्यासाठी आधी धातूविषयी थोडे सांगितले पाहिजे. धातू म्हटला की तो आपल्याला एकसंध वाटतो. पण जुन्या पद्धतीच्या पत्र्याच्या बादलीवरचा जस्ताचा मुलामा नीट पाहावा. बादली उन्हात तिरपी धरली की तिच्यावर फुलाफुलांसारखे चट्टे दिसतात. एक चकाकतो, त्याच्या शेजारचा मंद असतो. तो प्रत्येक चट्टा म्हणजे जस्ताचा एकेक स्फटिक, एकेक कण. लोखंड, तांबे, पितळ हे सारे धातू असेच कणाकणांचे बनलेले असतात, मात्र बहुतेकांचे कण सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात. एका कणात अणू शिस्तीने ओळीत उभे असतात. शेजारच्या कणातही ते ओळीतच असतात, पण त्या ओळींची दिशा निराळी. दोघांच्या मधली रेघ म्हणजे कणसीमा.

तांबट हंडा घडवताना तांबे ठोकतो. ठोकून ठोकून ते ताठर झाले की भट्टीत लाल करून घेतो, आणि ते पुन्हा मऊ होते. त्या उष्णतेत चेपलेल्या जुन्या कणांच्या जागी नवे कण जन्मतात. आणखी तापवत ठेवले तर काही कण वाढू लागतात आणि शेजारच्यांना गिळतात. यावर धातूचे बरेच नशीब अवलंबून असते. कण बारीक असले तर नेहमीच्या तापमानाला धातू अधिक बळकट होतो. उलट जेट विमानाच्या इंजिनातली काही पाती इतक्या उष्णतेत फिरतात की तेथे कणसीमाच दगा देतात, म्हणून ती अखंड एकाच कणाची ओततात. तेव्हा कोणता कण वाढणार आणि कोणता नाहीसा होणार हे आधी कळले तर कारखान्याला हवेच असते. आज हे संगणकावर पाहता येते. गंमत अशी, की त्या संगणकाची रचना, त्यावर चालणाऱ्या दोन प्रमुख पद्धती आणि त्यामागचा गणिती नियम, या सगळ्यांच्या मुळाशी हा एक माणूस उभा आहे.

२८ डिसेंबर १९०३ रोजी हंगेरीची राजधानी बुडापेस्ट येथे एका सधन ज्यू कुटुंबात त्याचा जन्म झाला. घरचे नाव जानोश. वडील मिक्शा नॉयमन बँकेच्या व्यवसायात होते. १९१३ मध्ये सम्राटाने त्यांना सरदारकी दिली, आणि पुढे जर्मनीत गेल्यावर नावात ‘फॉन’ आले ते त्यामुळेच. तीन भावांत जानोश थोरला. घरात पुस्तकांची खोली होती, भाषा शिकवायला शिक्षिका होत्या. त्याच्या स्मरणशक्तीच्या कथा पुष्कळ आहेत, त्या येथे सांगत बसत नाही. बुद्धी त्याची होतीच, पण ती जपणारी माणसेही भेटली हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. शाळेत लास्लो रात्स नावाचे गणिताचे शिक्षक होते. हा मुलगा आपल्या वर्गात मावणार नाही हे त्यांनी ओळखले आणि विद्यापीठातल्या गणितज्ञांकडून त्याला शिकवणी मिळेल अशी व्यवस्था केली. त्याच शाळेत एक वर्ष पुढे यूजीन विग्नर होता, ज्याला पुढे १९६३ मध्ये पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. एकाच शाळेच्या बाकांवर अशी दोन मुले!

महायुद्ध संपले, हंगेरीत क्रांती आणि प्रतिक्रांती झाली, आणि १९२० मध्ये विद्यापीठांत ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घालणारा कायदा आला. जानोशला प्रवेश मिळाला, पण वडिलांच्या मनात वेगळाच विचार होता. गणिताने पोट भरत नाही, तेव्हा मुलाने काहीतरी उपयोगाचे शिकावे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच, त्यामुळे बी. ए. करून पुढे काय, हा प्रश्न मला रोजचा आहे. तो प्रश्न बुडापेस्टच्या बँकवाल्याच्या घरातही विचारला जात होता हे वाचून मला हसूही आले आणि बरेही वाटले. शेवटी बापलेकांत तडजोड झाली. जानोश आधी बर्लिनला आणि मग झुरिकला रसायन अभियांत्रिकी शिकला, आणि त्याच वेळी बुडापेस्टच्या विद्यापीठात गणितासाठी नाव घालून केवळ परीक्षांना हजर राहत गेला. १९२६ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याला गणितातील डॉक्टरेट मिळाली. भट्टी, मिश्रण, पदार्थ यांच्याशी त्याची तोंडओळख झाली ती वडिलांच्या हट्टामुळे. पुढे ती कामाला आली असावी असे मला वाटते.

यानंतरचा त्यांचा प्रवास वेगाचा आहे. गटिंगेन येथे हिल्बर्ट या थोर गणितज्ञांचा सहवास, बर्लिनला अध्यापन, १९३० मध्ये अमेरिकेतील प्रिन्स्टन, आणि १९३३ मध्ये तेथेच नव्या उच्च अध्ययन संस्थेत प्राध्यापकपद. त्या संस्थेच्या पहिल्या प्राध्यापकांत आइनस्टाइन होते आणि सर्वांत तरुण होते नॉयमन, वय एकोणतीस. १९३२ मध्ये पुंज यामिकीच्या गणिती पायावरचा त्यांचा ग्रंथ निघाला, तर १९४४ मध्ये ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्यासह खेळ सिद्धांताचा. मारिएट कोवेशी यांच्याशी झालेले पहिले लग्न १९३७ मध्ये मोडले. मारिना ही त्यांची एकुलती एक मुलगी. १९३८ मध्ये त्यांनी बुडापेस्टच्याच क्लारा दान यांच्याशी विवाह केला.

स्वभावाने हा गृहस्थ गणितज्ञाच्या नेहमीच्या चित्रात बसत नाही. सदा सुटाबुटात. घरी मेजवान्या, विनोद, गोंगाट. गोंगाटात त्यांना काम सुचत असे. मोटार मात्र फार वाईट चालवत, आणि अपघात नेहमीचेच.

१९४३ मध्ये ते लॉस अलामॉस येथील गुप्त प्रयोगशाळेचे सल्लागार झाले. प्लुटोनियमच्या गोळ्याला चहूबाजूंनी एकाच क्षणी सारखा दाब देऊन तो आवळायचा, अशी एक कल्पना तेथे पुढे आली होती. ती खरोखर साधेल हे दाखवण्यात आणि स्फोटकांची मांडणी ठरवण्यात नॉयमन यांच्या गणिताचा मोठा वाटा होता. ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर पडला तो याच जातीचा बॉम्ब. त्याआधी कोणत्या शहरांवर बॉम्ब टाकावा हे सुचवणारी जी समिती नेमली होती, तिच्यातही ते होते. तिच्या यादीत क्योटोचे नाव होते. ती मंदिरांची जुनी राजधानी वाचली ती अमेरिकेचे युद्धमंत्री स्टिमसन यांनी नाव खोडले म्हणून. युद्धानंतरही नॉयमन हायड्रोजन बॉम्बच्या बाजूने राहिले, आणि रशियाकडे पुरेसे बॉम्ब जमण्याआधीच त्याच्यावर हल्ला करावा असे त्यांचे मत होते. ज्यांनी मायदेशात आधी एक आणि मग दुसरी हुकूमशाही पाहिली, त्यांच्या मनातली भीती मी समजू शकते. पण एवढ्या मोठ्या बुद्धीला त्या शहरांतली माणसे केवळ आकड्यांत दिसावीत, हे मला पटत नाही. चरित्र लिहिताना ही बाजू झाकून ठेवू नये. तसेच हेही सांगितले पाहिजे की १९५४ मध्ये ओपेनहायमर यांच्या निष्ठेची चौकशी झाली, तेव्हा बॉम्बच्या प्रश्नावर मतभेद असूनही नॉयमन यांनी त्यांच्या बाजूने साक्ष दिली.

बॉम्बच्या आकडेमोडीला माणसे पुरेनात, म्हणून ते यंत्राच्या शोधात होते. १९४४ च्या उन्हाळ्यात अ‍ॅबर्डीनच्या रेल्वे फलाटावर हर्मन गोल्डस्टाइन हा लष्करी अधिकारी त्यांना भेटला. फिलाडेल्फियाला एनियाक नावाचे विजेचे गणकयंत्र तयार होत आहे, हे त्याच्याकडून कळले. सुमारे १८ हजार नळ्यांचे हे धूड, पण त्याला नवे गणित घालायचे म्हणजे तारा उपसून पुन्हा जोडायच्या. गणिताच्या आकड्यांबरोबर सूचनाही यंत्राच्या स्मृतीतच साठवाव्यात, ही कल्पना जून १९४५ च्या एका टिपणात नॉयमन यांनी सूत्रबद्ध मांडली. आजचे बहुतेक संगणक मूलतः त्याच घडणीचे आहेत. मात्र त्या टिपणावर एकट्या नॉयमन यांचे नाव होते, आणि यंत्र प्रत्यक्ष बांधणारे एकर्ट व मॉकली हे अभियंते त्यामुळे दुखावले. त्यांचे दुखावणे मला योग्यच वाटते. प्रिन्स्टनला नॉयमन यांनी स्वतःचे यंत्र उभारले, ते १९५२ मध्ये रीतसर सुरू झाले. त्याचे आराखडे गुप्त न ठेवता जगभर जाऊ दिले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये सुरू झालेला ‘टिफ्रॅक’ हा संगणकही त्याच आराखड्याच्या वळणाचा होता.

आता यंत्रावर चालणाऱ्या पद्धतींकडे येऊ. १९४६ मध्ये स्टानिस्लाव उलाम हे त्यांचे पोलिश गणितज्ञ मित्र मेंदूच्या आजारातून उठत होते. वेळ जाईना म्हणून पत्त्यांचा एकट्याने खेळायचा डाव मांडून बसत. डाव सुटण्याची शक्यता किती, हे सूत्राने काढणे अवघड. त्यापेक्षा शंभर डाव खेळावेत आणि किती सुटले ते मोजावे, असे त्यांच्या मनात आले. हीच युक्ती अणूंच्या प्रश्नाला का लावू नये? नॉयमन यांनी ती उचलली आणि मार्च १९४७ मध्ये एका पत्रात संगणकावर ती कशी चालवायची याचा सविस्तर आराखडा लिहिला. जुगाराच्या गावावरून तिला ‘मॉन्टे कार्लो’ हे नाव पडले. १९४८ मध्ये एनियाकवर ती प्रथम चालली तेव्हा त्यासाठी सूचनावली लिहिली क्लारा यांनी. क्लारा गणिताच्या पदवीधर नव्हत्या. मुलगी असताना बर्फावरच्या नृत्यस्पर्धेत त्यांनी नाव मिळवले होते. संगणकासाठी सूचना लिहिण्याची विद्या तेव्हा कोणत्याच महाविद्यालयात शिकवली जात नव्हती, त्यामुळे ती स्वतःच्या डोक्याने शिकलेल्या पहिल्या काही जणांत त्यांची गणना होते. पतीच्या चरित्रात त्यांना बहुधा एक ओळ मिळते.

दुसरी पद्धत चौकटींची. यंत्राला स्वतःसारखे दुसरे यंत्र घडवता येईल का, हा प्रश्न नॉयमन यांना छळत होता. उलाम यांनी सुचवले, की स्फटिक वाढतो तशी जाळी कल्पून पाहा. मग नॉयमन यांनी चौकटीच्या वहीसारखे एक जग कल्पिले. प्रत्येक घर २९ अवस्थांपैकी एका अवस्थेत असते, आणि शेजारच्या चार घरांकडे पाहून पुढच्या क्षणी आपली अवस्था ठरवते. स्वतःची प्रत काढणारा त्यांचा कागदी जीव सुमारे दोन लाख घरांचा होता. हे काम त्यांच्या हातून पुरे झाले नाही.

लॉस अलामॉसला त्यांचे एक समवयस्क होते, सिरिल स्टॅन्ले स्मिथ, इंग्लंडात जन्मलेले धातुशास्त्रज्ञ. त्यांचाही जन्म १९०३ चाच. बॉम्बसाठी लागणाऱ्या धातूंचे काम त्यांच्या विभागाकडे होते. युद्ध संपल्यावर शिकागोला गेलेल्या स्मिथना एका साध्या गोष्टीने वेड लावले. काचेच्या दोन तक्त्यांमध्ये साबणाचा फेस पसरला की बुडबुड्यांचे जे जाळे दिसते, ते सूक्ष्मदर्शकाखालच्या धातूच्या कणांसारखे हुबेहूब दिसते. दोन्हींकडे तीन रेघा एका बिंदूत भेटतात, आणि दोन्हींकडे काळ जाईल तसे काही घटक वाढतात व काही विरतात. १९५१ मध्ये डेट्रॉइट येथे धातूंच्या अंतःसीमांवर एक परिसंवाद झाला. तेथे स्मिथनी हे मांडले, आणि त्यावरील चर्चेसाठी नॉयमन यांनी एक छोटे टिपण लिहून दिले. १९५२ च्या ग्रंथात ते जेमतेम तीन पानांचे आहे.

त्या तीन पानांत काय होते? सपाट फेसात तीन पडदे एकत्र येतात ते १२० अंशांचे कोन करून. बुडबुड्याला सहा बाजू असतील तर त्या सरळ राहूनही हे कोन जमतात. बाजू पाच, चार किंवा तीन असतील तर कोन जमवण्यासाठी भिंतींना बाहेर फुगावे लागते. आतला दाब मग शेजाऱ्यापेक्षा जास्त होतो आणि हवा पडद्यातून हळूहळू निसटते. सातपेक्षा कमी नसतील तर भिंती आत वाकतात आणि हवा आत येते. एवढे तर कुणालाही कळेल. नॉयमन यांनी सिद्ध केले ते यापलीकडचे आहे. बुडबुड्याचे क्षेत्रफळ कोणत्या वेगाने बदलेल हे केवळ बाजूंच्या संख्येतून सहा वजा करून ठरते. बुडबुडा केवढा आहे, लांबट आहे की गोल, शेजारी कोण आहेत, याने काही फरक पडत नाही. सहा बाजूंचा टिचभर असो की टपोरा, त्याचे क्षेत्रफळ तसेच राहते, निदान शेजारी एखादा बुडबुडा विरून त्याची एखादी बाजू कमी होईपर्यंत तरी. इतका गुंता आणि त्यातून एवढे साधे उत्तर! मी गणिताची विद्यार्थिनी नाही, तरी हे वाचताना अंगावर काटा आला.

१९५६ मध्ये विल्यम मलिन्स यांनी दाखवले की धातूच्या पातळ पत्र्यातील कणांनाही हाच नियम लागू पडतो. तेथे हवा नसते, वाकलेल्या सीमेवरून अणू एका कणातून दुसऱ्यात उड्या मारतात. पण हिशेब तोच, सहा वजा करण्याचा.

तोवर नॉयमन अंथरुणाला खिळले होते. १९५५ मध्ये ते अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाचे सदस्य झाले आणि त्याच उन्हाळ्यात डाव्या खांद्याच्या दुखण्यातून कर्करोग उघडकीला आला. १९५६ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांच्याकडून स्वातंत्र्यपदक घेताना ते चाकाच्या खुर्चीत होते. वॉशिंग्टनच्या लष्करी रुग्णालयात अखेरचे महिने गेले. ज्यांनी लाखोंच्या मरणाची गणिते मांडली, त्यांना स्वतःचे मरण मात्र सोसवेना. विचार थांबणार ही कल्पनाच त्यांना सहन होत नसे. एरवी धर्माकडे फारसे न वळलेल्या या गृहस्थांनी कॅथलिक धर्मगुरूला बोलावून घेतले, आणि मित्र चकित झाले. भाऊ त्यांना गटेचे ‘फाउस्ट’ वाचून दाखवी आणि पान उलटेपर्यंत पुढच्या ओळी ते स्वतःच म्हणत, असे सांगतात. ८ फेब्रुवारी १९५७ रोजी, त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला. संगणक आणि मेंदू यांवरची अपुरी राहिलेली व्याख्याने १९५८ मध्ये प्रसिद्ध झाली, प्रस्तावना क्लारा यांची. चौकटींच्या जगाचे हस्तलिखित आर्थर बर्क्स यांनी पुरे करून १९६६ मध्ये छापले.

१९८४ मध्ये अँडरसन, स्रोलोवित्झ, ग्रेस्ट आणि साहनी या चौघांनी मॉन्टे कार्लो पद्धतीने धातूच्या कणांची वाढ संगणकावर उभी केली. रांगोळीच्या ठिपक्यांच्या कागदासारखी जाळी घ्यायची. प्रत्येक ठिपक्याला एक आकडा द्यायचा, आणि सारखा आकडा असलेले शेजारी ठिपके मिळून एक कण मानायचा. मग यंत्राने वाटेल तो ठिपका उचलायचा आणि त्याला दुसरा आकडा देऊन पाहायचे. त्यामुळे सीमा वाढत नसेल तर बदल ठेवायचा, वाढत असेल तर सोडून द्यायचा. असे असंख्य वेळा केले की पडद्यावर कण आपोआप फुगू आणि विरू लागतात. पुढे इतरांनी चौकटींच्या पद्धतीनेही हेच करून पाहिले.

एक अडचण उरली होती. धातूचा ठोकळा काही साबणाच्या पातळ फेसासारखा सपाट नसतो, आणि तीन मितींत नेमका नियम काय, हे पन्नासहून अधिक वर्षे कोणाला सापडले नाही. २००७ मध्ये तो रॉबर्ट मॅकफर्सन आणि डेव्हिड स्रोलोवित्झ यांनी सिद्ध केला. मॅकफर्सन हे प्रिन्स्टनच्या त्याच उच्च अध्ययन संस्थेतले गणितज्ञ. तीन मितींत नुसत्या बाजू मोजून भागत नाही. कणाची सरासरी रुंदी एका विशिष्ट रीतीने मोजावी लागते आणि तिच्यातून त्याच्या सगळ्या कडांच्या एकूण लांबीचा सहावा हिस्सा वजा करावा लागतो. उरेल त्यावरून कण आकसणार की वाढणार ते ठरते.